मामांचं रजिस्टर

सिरॅमिक मेंब्रेन धुऊन स्वच्छ झालं की नाही, हे डोळ्यांना कळत नाही. पांढरीशुभ्र दिसणारी दांडी आतून बुजलेली असू शकते आणि तपकिरी डाग न गेलेली दांडी नव्यासारखं पाणी देत असते. कळतं ते मोजल्यावर. इंजिनिअरिंगच्या वर्गात हे कुणीतरी सांगितलं असणार, परीक्षेत मी ते लिहिलंही असणार. पण अंगात मुरलं ते भोसरी एमआयडीसीतल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये, आणि मुरवलं ते दहावीच्या पुढे न गेलेल्या एका ऑपरेटरने. शेडमधले सगळे त्यांना मामा म्हणत, मीही मामाच म्हणायचे. पाणी शुद्धीकरणाच्या धंद्यात माझं जे काही बरंवाईट नाव आहे, त्याच्या मुळाशी हा माणूस आहे. हे त्यांच्या तोंडावर कधी बोलले नाही. बोलले असते तर "ऱ्हाऊ द्या, पंपाचं बगा आदी" एवढंच उत्तर मिळालं असतं.

मेंब्रेन म्हटलं की लोकांना घरच्या आरओतली गुंडाळी आठवते. आमची वस्तू वेगळी. ॲल्युमिनाची, भट्टीत हजार अंशांच्या वर भाजलेली, मीटरभर लांबीची दांडी. तिच्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत आरपार गेलेली 19 भोकं, प्रत्येकाचा व्यास 4 मिलिमीटरच्या आसपास. गढूळ पाणी या भोकांतून वेगाने धावतं आणि दाबामुळे त्यातलं काही भिंतीतून पाझरून दांडीच्या बाहेरच्या अंगाला येतं. भिंतीचा आतला पातळ थर 0.1 मायक्रॉनच्या छिद्रांचा. मागचा जाड भाग भरड, नुसता आधाराला. सगळ्या भोकांची आतली बाजू उलगडून पसरली, तर क्षेत्रफळ पाव चौरस मीटरलाही थोडं कमी भरतं. एवढ्याशा पृष्ठभागासाठी मोजावी लागणारी किंमत प्लॅस्टिकच्या मेंब्रेनच्या कितीतरी पट. मग ती कुणी का मोजावी? कारण ही दांडी धुता येते. ॲसिड, कॉस्टिक सोडा, हायपो म्हणजे क्लोरीनचं ब्लीच, गरम पाणी, सगळं सोसते. तिच्या दोन्ही टोकांची रबरी गास्केटं आधी हार मानतात. म्हणजे या वस्तूचं सगळं मोल तिच्या धुण्यात आहे, आणि धुण्यातच हयगय होणार असेल तर ती घेऊ नये, स्वस्तातलं प्लॅस्टिक घ्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

मामा मूळचे गडहिंग्लजकडचे. तरुणपणी कोल्हापूर भागातल्या एका दूध संघात होते. तिथे त्यांचं काम सीआयपीचं, म्हणजे पाइपलाइन आणि पाश्चरायझर न उघडता जागच्या जागी धुण्याचं. आधी पाणी, मग गरम कॉस्टिक, पुन्हा पाणी, मग नायट्रिक ॲसिड, पुन्हा पाणी. कॉस्टिक दुधातली चरबी आणि प्रथिनं सोडवतं, ॲसिड तापल्या पत्र्यावर बसलेला कॅल्शियमचा कडक थर सोडवतं. एकाचं काम दुसऱ्याला येत नाही. ही विद्या घेऊन मामा पुण्यात आले, आणि सिरॅमिक मेंब्रेन हा शब्दही न ऐकलेल्या या माणसाला ते धुण्याचं निम्मं शास्त्र आधीच येत होतं.

यात योगायोगापेक्षा थोडं जास्त आहे. फ्रान्समध्ये युरेनियम समृद्ध करण्यासाठी सच्छिद्र सिरॅमिक नळ्या बनवण्याचं तंत्र तयार झालं होतं. 1980 च्या दशकात तेच तंत्र डेअरीकडे वळलं, 1.4 मायक्रॉनच्या नळ्यांतून दूध गाळून न उकळता त्यातले जिवाणू काढायला लागले. पाण्याची पाळी नंतर आली. मी हे वाचून सांगितलं तेव्हा मामा म्हणाले, "म्हंजे आमी वाट चुकून आलो न्हाई म्हना की."

इंग्रजी मॅन्युअल मी वाचायचे, अर्थ सांगायचे. ते ऐकून घ्यायचे आणि मग त्यातलं काय करायचं ते ठरवायचे. सुरुवातीला मला कॉस्टिकच्या टाकीजवळ फिरकू देत नसत. "मॅडम, तुमी हिशोबाचं बगा." बायकांनी ॲसिड-कॉस्टिकला हात लावू नये, असं त्यांचं ठाम मत होतं, आणि ते बोलून दाखवताना त्यांना संकोचही वाटत नसे. मग एकदा रात्रपाळीचा मुलगा आला नाही, पंप सुरू होता आणि टाकीत कॉस्टिक सोडायला दुसरं कुणी नव्हतं. मी गॉगल चढवला, हातमोजे घातले आणि पाण्यात थोडं थोडं कॉस्टिक सोडलं. कॉस्टिकवर पाणी नाही ओतलं. ते लांबून बघत होते. दुसऱ्या दिवसापासून मी 'मॅडम'ची 'पोरी' झाले आणि शिकवणी सुरू झाली.

पहिला धडा रजिस्टरचा. लाल कापडी पाठीची लांबट वही, रकाने पट्टीने आखलेले: दांडीचा नंबर, दाब, पाण्याचं तापमान, एक लिटरला लागलेले सेकंद, शेरा. नवी दांडी खोक्यातून निघाली की तिला गढूळ पाण्याचा थेंबही लागायच्या आत या वहीत तिचं खातं उघडलं जायचं. आधी रात्रभर स्वच्छ पाण्यात बुडवून ठेवायची, छिद्रांतली हवा निघून जावी म्हणून. सकाळी टेस्ट रिगवर चढवायची, आरओचं पाणी, गेजवर बरोबर 1 बार. बाहेर पडणारं पाणी मोजपात्रात धरायचं आणि स्टॉपवॉच दाबायचं. लिटरला पंधरा सेकंद म्हणजे तासाला 240 लिटर, म्हणजे चौरस मीटरला हजार लिटरच्या घरात, नव्या 0.1 मायक्रॉनच्या दांडीकडून एवढी अपेक्षा ठेवायला हरकत नाही. मामा फक्त सेकंद लिहायचे. त्यावरून फ्लक्स, म्हणजे चौरस मीटरमागे तासाला येणारं पाणी, काढणं हे माझं काम. "पयला आकडा लिवा, मग गाळ दावा," हा त्यांचा नियम. पार्टीची गाडी दारात उभी असली, साहेबांचे फोनवर फोन येत असले, तरी मोजल्याशिवाय दांडी शेडबाहेर जात नसे. एकाच खोक्यातल्या दोन दांड्यांचे आकडेही सारखे येत नाहीत, हे मला तिथेच कळलं. पुढे वर्षभराने कुणी म्हणालं की धुतल्यावर मेंब्रेन 'नव्यासारखं' झालं, तर नवं असताना ते कसं होतं, हे त्या वहीशिवाय कुठेच सापडत नाही.

तापमानाच्या रकान्याचं महत्त्व मे महिन्यात कळायचं. पाणी तापलं की पातळ होतं. 20 अंशांच्या मानाने 30 अंशांना त्याचा चिकटपणा पाचव्या हिश्शाने कमी. टाकीतलं पाणी डिसेंबरच्या सकाळी 18 अंश आणि मेच्या दुपारी 32 अंश असेल, तर त्याच दांडीतून त्याच दाबाला एक तृतीयांशाहूनही अधिक जादा पाणी येतं, आणि दांडीत तर काडीचाही फरक पडलेला नसतो. म्हणून प्रत्येक आकडा 20 अंशांवर आणूनच तुलना करायची. या व्यवसायात मी असे कितीतरी अहवाल पाहिलेत, ज्यांत हिवाळ्यातलं 'आधी' आणि उन्हाळ्यातलं 'नंतर' शेजारी शेजारी मांडून एखाद्या नव्या क्लीनिंग केमिकलची वाहवा केलेली असते. मामांना चिकटपणाचं कोष्टक माहीत नव्हतं. पण दूध गरम असताना पंपावरचा भार कमी होतो, हे त्यांनी अनुभवलेलं होतं, आणि थर्मामीटर बुडवल्याशिवाय त्यांनी एकही ओळ लिहिली नाही.

दुसरा धडा फुटीचा. दांडी हातात घेऊन ते लाकडी मुठीने हळूच वाजवायचे, बाजारात मडकं वाजवून घेतात तशी. खणखणीत वाजली तर पुढे, बद्द वाजली तर बाजूला. मला हे फार आवडायचं, पण त्याची मर्यादाही सांगायला हवी. कानाला कळते ती मोठी चीर. जंतू निसटायला तेवढी मोठी चीर लागत नाही. 1993 मध्ये अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा परजीवी नळाच्या पाण्यातून घरोघरी पोचला आणि चार लाखांच्या वर माणसं आजारी पडली. हा जीव 4 ते 6 मायक्रॉनचा, क्लोरीनला दाद न देणारा. पुढे 2006 च्या अमेरिकी नियमांत मेंब्रेनच्या चाचणीला 3 मायक्रॉनचं भगदाडसुद्धा सापडलं पाहिजे, अशी अट आली. त्यासाठी हवा वापरतात. भिजलेल्या छिद्रातलं पाणी हवेला अडवून धरतं. छिद्र जितकं बारीक, तितका जास्त दाब ते सोसतं. 0.1 मायक्रॉनच्या छिद्रातून पाणी हुसकायला 28-29 बार लागतील, पण 3 मायक्रॉनची चीर 1 बारच्या आसपासच सोडून देते. म्हणून हाउसिंगमध्ये एका बाजूने थोडी जास्त हवा भरायची, व्हॉल्व्ह बंद करायचा आणि गेजचा काटा बघत बसायचं. काटा टिकला तर दांडी धड.

काटा उतरला तर मात्र लगेच दांडीला दोष द्यायचा नाही. मामा आधी साबणाचं पाणी घेऊन प्रत्येक जोड, प्रत्येक गास्केट, व्हॉल्व्हची प्रत्येक मान तपासायचे. बहुतेक वेळा चोर तिथेच सापडे, एखाद्या दुमडलेल्या ओ-रिंगमध्ये. जोड सगळे घट्ट निघाले तरच दांडी उघडी करून पाण्याच्या हौदात आडवी धरायची आणि हवा सोडायची. एक दृश्य अजून डोळ्यांसमोर आहे: स्थिर पाणी, आणि दांडीच्या टोकाजवळून निघालेली टाचणीच्या डोक्याएवढ्या बुडबुड्यांची एकच सरळ माळ. तिथे बोट ठेवून पाहिलं तर हाताला काहीच लागेना. मामांनी तेलखडूने खूण केली, वहीत शेरा लिहिला आणि दांडी वेगळ्या मांडणीवर ठेवली. पार्टीला ती परत हवी होती. मामा म्हणाले, "न्या की. पन वहीत भोक लिवलंय."

याच सुमारास मी त्यांना शांबेर्लांची गोष्ट सांगितली होती. लुई पाश्चर यांचे सहकारी शार्ल शांबेर्लां यांनी 1884 मध्ये बिनचकाकीच्या पोर्सेलीनचा फिल्टर केला, ज्यातून जिवाणू जात नसत. आपल्याकडच्या स्टीलच्या फिल्टरमधली पांढरी कँडल याच कुळातली. पण 1892 मध्ये रशियात दिमित्री इवानोव्स्की यांनी रोगट तंबाखूच्या पानांचा रस त्याच फिल्टरमधून गाळला, तरी तो रोग पसरवतच राहिला. विषाणूंचा सुगावा लागला तो असा. मामांनी विचारलं, "मंग आमच्या दांडीतनं बी उतरत असंल?" उतरतो. काविळीचा हेपॅटायटिस ए विषाणू जेमतेम 0.03 मायक्रॉनचा असतो. म्हणून मेंब्रेन कितीही चांगलं असलं तरी पिण्याच्या पाण्याला पुढे क्लोरीनसारखं निर्जंतुकीकरण लागतंच, आणि 'आता क्लोरीनची गरज नाही' असं म्हणत प्लांट विकणाऱ्यांना दारात उभं करू नये.

आता धुण्याकडे येते. मामांची खरी विद्वत्ता इथे होती. पहिली गोष्ट, मळकी दांडी वाळू द्यायची नाही. ओला गाळ निघतो, वाळलेला बसतो. दुसरी, धुताना पाझरणाऱ्या पाण्याचा व्हॉल्व्ह सुरुवातीला बंद. दाब कमी, पण भोकांतला वेग भरपूर, म्हणजे सुटलेला मळ वाहून जाईल, छिद्रांत रेटला जाणार नाही. घाईत दाब वाढवून धुणारे लोक मळ आत ठासतात. तिसरी, तापमान हळूहळू चढवायचं आणि हळूहळू उतरवायचं. ॲसिडला न घाबरणारं हे सिरॅमिक गरमागरम असताना त्यावर थंड पाणी सोडलं, तर तडकू शकतं. मग 1 टक्का कॉस्टिक, त्यात बेताचा हायपो, पन्नास अंशांच्या आसपास, अर्धा-पाऊण तास फिरवायचं. मग धुवून काढायचं, पीएच पट्टी साध्या पाण्याचा रंग दाखवीपर्यंत. यात ते कुणालाही सूट देत नसत, कारण हायपो उरलेला असताना ॲसिड सोडलं की क्लोरीन वायू सुटतो. त्यानंतर सायट्रिक ॲसिड, लोखंड आणि चुना काढायला.

आणि प्रत्येक टप्प्यानंतर पुन्हा मोजपात्र, पुन्हा स्टॉपवॉच. हे मधलं मोजणं बहुतेक प्लांटवर कुणी करत नाही. सगळं उरकून शेवटी एकदा बघतात. पण मळ कोणता होता ते या मधल्या आकड्यांतूनच कळतं. कॉस्टिकनंतर पाणी सुटलं तर मळ शेवाळ्याचा, जिवाणूंच्या चिकट थराचा. कॉस्टिकनंतर ढिम्म आणि सायट्रिकनंतर सुटलं तर लोखंड, मँगनीज, नाहीतर चुना. पुढच्या वेळी क्रम काय ठेवायचा आणि मुळात कच्च्या पाण्यावर आधी काय प्रक्रिया हवी, हे त्यावरून ठरतं.

एका कारखान्यातून तक्रार आली की दर वेळी धुतल्यावर मेंब्रेन आणखी बुजतं. मालक आमच्या दांड्यांना नावं ठेवत होते. मामांनी प्लांटकडे ढुंकूनही पाहिलं नाही. धुण्याच्या टाकीत पाणी कुठून येतं ते विचारलं. बोअरचं. काचेचा पेला मागवला, त्यात ते स्वच्छ दिसणारं पाणी घेतलं आणि कॉस्टिकचे चार थेंब सोडले. पेल्यात दुधी ढग उठला. बोअरच्या जड पाण्यातला कॅल्शियम कॉस्टिकच्या संगतीत कार्बोनेट होऊन खाली बसत होता, आणि तेच पाणी फिरवून हे लोक मेंब्रेनला दर पंधरवड्याला चुन्याचा हात देत होते. पाणी मुरत होतं ते तिथे. मॅन्युअलमध्ये 'मृदू पाणी वापरा' असं छापलेलं होतं. मालकांनी ते वाचलंही होतं, पण पटलं ते पेला पाहून.

मामांना सगळंच येत होतं असं नाही. नायट्रिक ॲसिडवर त्यांची भाबडी श्रद्धा होती. डेअरीत चालतं म्हणून लोखंडाच्या डागांवरही ते नायट्रिकच सुचवायचे, आणि लोखंडाला धरून ठेवून विरघळवणारं सायट्रिक किंवा ऑक्झॅलिक तिथे जास्त कामाचं, हे त्यांना पटवता पटवता माझी पुरेवाट झाली. शेवटी एकाच लॉटच्या दोन दांड्या शेजारी शेजारी धुतल्या आणि वहीतले सेकंद त्यांनीच वाचले. हरले, पण तोंडाने कबूल केलं नाही. पुढच्या वेळी सायट्रिकचा डबा मात्र स्वतः काढून आणला.

दुसरं ऋण लॅबमधल्या ताईंचं. त्या पाण्यातलं लोखंड आणि गढूळपणा तपासायच्या. त्यांची शिस्त ब्लँकची: ज्यात काहीच नाही असं शुद्ध पाणीही त्याच बाटलीत, त्याच रसायनांनी तपासायचं. ब्लँकमध्ये लोखंड निघालं, तर दोष नमुन्यात नसून आपल्या बाटलीत. साहेबांनी घाई केली तरी ब्लँकशिवाय त्यांनी कधी आकडा दिला नाही. मामांचं आणि ताईंचं एकमेकांशी फारसं पटत नसे, पण मला दोघांनी शिकवलेलं एकच होतं.

मग कापड धुलाईच्या सांडपाण्याचा एक पायलट, म्हणजे छोट्या प्रमाणावरची चाचणी, हाती आला. चाचणी संपल्यावर दांड्या धुतल्या आणि फ्लक्स मूळच्या ऐंशी टक्क्यांवर येऊन थांबला. अहवालात पंच्याण्णव दिसले पाहिजेत, असा वरून निरोप आला. मी मामांकडे गेले. त्यांनी उपदेश केला नाही. "पोरी, तुज्या कागदावर काय बी लिव. वहीत ऐंशीच ऱ्हानार." मी ऐंशी लिहिलं. साहेब महिनाभर धड बोलले नाहीत. पण ऐंशी लिहिल्यामुळेच उरलेले वीस कुठे गेले ते शोधणं भाग पडलं, आणि पत्ता लागला: फेस मारण्यासाठी कारखाना सिलिकॉनचं रसायन टाकत होता. सिलिकॉन छिद्रांत बसलं की कॉस्टिक आणि ॲसिड, दोघांनाही पुरून उरतं. रसायन बदललं, तेव्हा दांड्या टिकू लागल्या. पंच्याण्णव लिहिले असते तर तो प्लांट वर्षभरात बंद पडला असता.

नेदरलँड्समध्ये आंदाइक इथे 2014 पासून पिण्याच्या पाण्याचा सिरॅमिक मेंब्रेनचा मोठा प्लांट चालतो, दिवसाला सुमारे 12 कोटी लिटरचा. तिथली एकेक दांडी दीड मीटर लांब, 25 चौरस मीटर क्षेत्रफळाची. अशा 192 दांड्या एका पोलादी टाकीत. तिथे सगळं सेन्सर मोजतात. सेन्सरने लिहिलं काय आणि मामांनी शाईच्या पेनाने लिहिलं काय, नवेपणी किती पाणी येत होतं आणि आज तेवढ्याच दाबाला, तेवढ्याच तापमानाला किती येतं, हाच तपास तिथेही आहे.

मामा निवृत्त होऊन गावी गेले. जाताना वही कंपनीत ठेवून गेले, कारण ती कंपनीची होती. मी आता ज्या मुलांना शिकवते त्यांना पहिल्या आठवड्यात फक्त स्टॉपवॉच आणि मोजपात्र देते. ते वैतागतात, काही सोडूनही जातात.

वाचकांना एक विनंती. पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांमध्ये, गावांच्या पाणी योजनांमध्ये आता ठिकठिकाणी मेंब्रेन बसतं आहे, सिरॅमिकचं किंवा प्लॅस्टिकचं. तुमच्याकडे देखभालीचा माणूस बिल घेऊन आला, तर पाणी किती नितळ दिसतं ते त्याला विचारू नका. बसवलं त्या दिवशीचा दाब, तापमान आणि प्रवाह, आणि आज धुतल्यानंतरचे तेच तीन आकडे लेखी मागा. पहिल्या दिवसाची नोंदच नसेल, तर आज धुतल्यावरचा आकडा तारखेसह लिहून घ्या आणि पुढचं बिल त्याच्याशी ताडून मगच द्या.